मार्केट यार्ड, रविवारची कॅश आणि कमरेला लावायचं छोटं पिस्तूल

प्रकरण माझ्या आतेभावाचं आहे. त्याला मी दादाच म्हणतो, इथेही तेच लिहितो. गुलटेकडी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे, वडिलांपासूनची अडत. घर बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे अंतर काही फार नाही, पण पहाटे साडेतीनला निघायचं आणि दुपारी परत यायचं, आणि परत येताना स्कूटरच्या डिकीत किंवा पायाशी पैशांची बॅग. ओळखीच्या एका गाळेवाल्याला दोघांनी बाइकवरून येऊन, कोयता दाखवून लुटलं, हात वाचला एवढंच. त्यानंतर दादाने लायसनसाठी अर्ज केला. पुण्यात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर आयुक्तालयाकडे, ग्रामीणला असाल तर कलेक्टरकडे. अर्ज ऑनलाइन, मग पोलीस स्टेशनची चौकशी, मुलाखत, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वगैरे सगळं झालं आणि लायसन आलं. मी २५ मीटर सेंटर फायर खेळायचो, बालेवाडीच्या रेंजवर बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून दादा माझ्याकडे आला. प्रश्न एकच होता, रोज अंगावर बाळगायचंय, कुणाला दिसायला नको, तर कुठलं घेऊ?

दादाच्या मोबाइलमध्ये आधीच पाच-सहा व्हिडिओ सेव्ह केलेले. सिग पी-३६५, ग्लॉक ४३, अमेरिकेतली मंडळी टी-शर्टखाली लावून फिरतात ती. हे पहिल्याच दिवशी बाजूला करावं लागलं, कारण ती ९ एमएमची आहेत आणि ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतं, साध्या लायसनवर मिळत नाही. शिवाय परदेशी हँडगनची सामान्य माणसासाठीची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जी काही वॉल्थर, ब्राउनिंग देशात फिरतायत ती जुनी, एका लायसनधारकाकडून दुसऱ्याकडे जाणारी, आणि किमती अशा की त्यात चारचाकी येईल. म्हणजे आपल्याकडे छोटं म्हटलं की गाडी ३२ बोअरवर येऊन थांबते. त्यातही दोन वेगळी काडतुसं आहेत हे बऱ्याच जणांना डीलरकडे गेल्यावरच कळतं. पिस्तुलाचं ३२ एसीपी, म्हणजे ७.६५ बाय १७, आणि रिव्हॉल्वरचं ३२ एस अँड डब्ल्यू लाँग, ७.६५ बाय २३. एकातलं दुसऱ्यात चालत नाही, आणि लायसनवर पिस्तूल का रिव्हॉल्वर आणि बोअर काय हे नोंदवलेलं असतं, त्यामुळे आधी ठरवायचं, मग डीलरकडे जायचं.

काडतुसाबद्दल दादाची शंका होती की ३२ म्हणजे अगदीच फुसकं. फुसकं नाही, पण जोरकसही नाही. जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये एफएन या बेल्जियन कंपनीच्या पिस्तुलासाठी काढलेलं हे काडतूस, गोळी ७१ ग्रेनची म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. जवळून माणसाला जीवघेणी इजा होते, यात काही शंका नको. पण अंगावर धावून येणारा माणूस एका गोळीत जागेवर थांबेल अशी खात्री या बोअरमध्ये बिलकुल धरायची नाही. आणि पुणेकरांना माहीत असावी अशी गोष्ट, काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं असतात, ती किरकी फॅक्टरीची, म्हणजे आपल्याच खडकीची, १८६९ पासूनची दारूगोळा फॅक्टरी.

तर समोर तीन पर्याय राहिले.

पहिला घरातलाच. आत्याच्या यजमानांचं, म्हणजे दादाच्या वडिलांचं, मी त्यांना मामा म्हणतो, वेब्ली अँड स्कॉट ३२ ऑटो. लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये घेतलं होतं तेच मॉडेल. आठ राउंडचं, म्हणजे आठ काडतुसांचं मॅगझिन, रिकाम्याचं वजन साधारण ५७० ग्रॅम, लांबी १६ सेंटीमीटर, आणि मुख्य म्हणजे चपटं. मामा सत्तरीच्या पुढे गेलेत, आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगलेल्या लायसनधारकाला ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो, तेव्हा कागदोपत्री अडचण नव्हती. दादाचा जीवही त्यातच अडकलेला. दुसरा पर्याय अशनी, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं ३२ पिस्तूल, आठ राउंड, भरलेलं पाऊण किलोच्या आसपास. तिसरा निर्भीक, कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं हलकं रिव्हॉल्वर, ५०० ग्रॅम, सहा राउंड, तेव्हाची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात, आणि तेव्हा बायकांच्या पर्ससाठी म्हणून जाहिरात झाली, त्यामुळे दादाने आधी नाकच मुरडलं. प्रबल नावाचं २०२३ मध्ये आलेलं रिव्हॉल्वरही होतं, सिलिंडर बाजूला उघडणारं, चांगलं आहे, पण ६७५ ग्रॅम, रोजच्या कमरेसाठी मी ते धरलं नाही.

आता लोक इथे वजन आणि लांबीचा तक्ता करतात आणि सगळ्यात छोटं ते निवडतात. मी दादाला म्हटलं, तू तुझा दिवस सांग. कारण शस्त्र वापरायची वेळ आयुष्यात एकदा येईल, बहुतेक कधीच येणार नाही, पण ते अंगावर वागवायचं रोज आहे, तर त्या रोजच्या दिवसातच ते पास व्हायला हवं.

दादाचा दिवस असा. साडेतीनला स्कूटर, थंडीत जर्किन, पावसात रेनकोट. चारपासून गाळ्यावर, ट्रक लागलेले, हमाल, तोलणार, गिऱ्हाईक, सगळा धक्काबुक्कीचा कारभार, कांद्याची टरफलं आणि माती हवेत सारखी उडतेय. मग गादीवर मांडी घालून हिशोब, पट्ट्या करणं, तीन-चार तास तसंच बसून. मधे चहाला, बाथरूमला. दुपारी घरी, घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि कायम कुणीतरी आलेलं असतंच.

मांडी घातली की कमरेचं काय होतं ते मी प्रत्यक्ष बघितलं. प्लॅस्टिकचा त्याच मापाचा डमी त्याच्या कमरेला पोटाकडून लावला, गादीवर बसवला. दहा मिनिटांत हात सारखा तिथे जायला लागला, दस्ता बरगडीत घुसतोय, तोंड मांडीच्या सांध्यात. आणि हात तिथे जाणं हाच मोठा प्रॉब्लेम आहे, कारण सारखा पट्टा सावरणारा माणूस अख्ख्या गाळ्याला सांगत असतो की माझ्याकडे काय आहे. पाठीमागे मणक्यावर लावायचा विचारच करू नका, स्कूटरवरून पडलात तर तो लोखंडाचा तुकडा सरळ मणक्यात. शेवटी उजव्या कुशीवर, हाडाच्या किंचित मागे, तिथे बसताना जमलं, शर्ट बाहेर सोडलेला, एक साइज मोठा. चपटं पिस्तूल तिथे खरंच बसून जातं. रिव्हॉल्वरचा सिलिंडर फुगीर, तो जाणवतो, शर्टावरून उंचवटा दिसतो. या परीक्षेत मामांचं वेब्ली पहिलं आणि अशनी दुसरं, निर्भीक शेवटी.

पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी जिथून गोळी सुटते तिथे, राउंड ठेवायचा का. वेब्ली शंभर वर्षांपूर्वीच्या डिझाइनचं आहे, हल्लीच्या पिस्तुलांमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी खीळ) अडवून धरणारा जो ब्लॉक असतो तो त्यात नाही, स्प्रिंगा मामांच्या तरुणपणातल्या, पार्ट मिळत नाहीत, मॅगझिन एकच. असं शस्त्र चेंबर भरून स्पीडब्रेकर आणि धक्काबुक्कीत रोज कमरेला? माझं उत्तर स्पष्ट नाही. अशनीच्या बाबतीतही मी दादाला चेंबर रिकामाच ठेवायला सांगितलं असतं, कारण रोज सेफ्टी चढवणं-उतरवणं अंगात मुरायला जी प्रॅक्टिस लागते ती अडत्याकडून होणार नाही, आणि अर्धवट सवय ही सगळ्यात धोकादायक.

मग चेंबर रिकामा म्हणजे वेळेला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढावी लागणार, आणि त्याला दोन हात लागतात. छोट्या पिस्तुलांची ही बाजू दुकानात लक्षात येत नाही. ३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, बॅरल लॉक होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सगळं, त्यामुळे पिस्तूल लहान आणि स्प्रिंग मात्र ताठ. वहिनींनी अशनीची स्लाइड ओढून बघितली, रिकामी, डीलरसमोर, दुसऱ्या खेपेला जेमतेम आली. दादाला जमते, पण घामेजल्या हाताने, कांद्याची धूळ बोटांना लागलेली असताना, एका हातात स्कूटरचं हँडल किंवा बॅग असताना? म्हणून मी म्हटलं बोलत बसण्यापेक्षा करून बघू.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी संध्याकाळी, डमी घेऊन. अमेरिकेत १९८३ मध्ये डेनिस ट्युलर नावाच्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की सात यार्डांवरून चाकू घेऊन धावणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. सात यार्ड म्हणजे साडेसहा मीटर, आपल्या पार्किंगमधल्या तीन खांबांइतकं. पुतण्याच्या हातात गुंडाळलेला पेपर दिला, दादा स्कूटरवर बसलेला, हेल्मेट घातलेलं, जर्किनची चेन लावलेली, जसा खरोखर येतो तसा. पुतण्या धावला. दादाचा हात जर्किनच्या कडेपर्यंत गेला तोवर पेपर खांद्यावर बसला होता. परत केलं, चेन उघडी ठेवून. हात दस्त्यापर्यंत पोचला, पण फुल हेल्मेटमधून खाली कमरेकडे दिसतच नाही, तो चाचपडत राहिला. डमी बाहेर आला त्याही वेळेला स्लाइड ओढायला डावा हात मोकळा करायचा तर स्कूटर कलंडली. दादा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, म्हणजे हे घेऊन उपयोग काय?"

मी उपयोग शून्य म्हणणार नाही. मागून येऊन कोयता घालणाऱ्यापुढे कुठलंच पिस्तूल वेळेत बाहेर येत नाही, हे कबूल करून पुढे जायचं. गाळ्याचं शटर आतून लावलेलं असताना बाहेरून कुणी फोडतंय, घरात कुणी घुसतंय, किंवा तू स्कूटर सोडून दोन गाड्यांच्या मागे पोचलायस आणि तो अजूनही अंगावर येतोय, अशा मोजक्याच जागा आहेत. त्या जागांसाठी निवडायचं. आणि तिथे, हात थरथरत असताना, कमी क्रिया लागणारं शस्त्र जिंकतं. रिव्हॉल्वरमध्ये होल्स्टरमधून काढलं की डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे जाऊन पडतो असा, लांब, जड ट्रिगर आणि बस, स्लाइड ओढणं नाही. तो जड ट्रिगर रोज बाळगताना फायद्याचा, कारण चुकून बोट लागून सहज सुटत नाही. तोटाही तोच, नेम हलतो. रेंजवर क्लबच्या ३२ रिव्हॉल्वरवर दादाला उभं केलं तेव्हा सात मीटरवर पहिल्या गोळ्या कागदाच्या कडेला, काही कागदाबाहेर. ओळखीच्या एका लायसनधारकांच्या समोर त्यांच्याच अशनीवर दादाच्या गोळ्या बऱ्या जवळजवळ बसल्या, सिंगल ॲक्शनचा, म्हणजे हॅमर आधीच मागे असलेला, ट्रिगर हलका पडतो ना. रिव्हॉल्वरवर ट्रिगर एका दमात, न थांबता मागे आणायचा हे सांगितल्यावर तासाभरात बराच फरक पडला. म्हणजे शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे ती. शंभर वर्षांच्या पिस्तुलातला नसलेला ब्लॉक शिकवून येत नाही.

मार्केट यार्डातल्या गर्दीत मात्र शस्त्र बाहेर काढायचंच नाही, हे आमचं सगळ्यात आधी ठरलं. समोर चोर आणि त्याच्या मागे पाठीवर पोतं घेतलेला हमाल, सुटलेल्या गोळीची जबाबदारी तुझ्यावर. कायदा समजून घ्यायला मी त्याला वकिलाकडे पाठवलं, भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, स्वसंरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. जिवावर बेतल्याची वाजवी भीती असेल तर गोष्ट वेगळी, पण बॅग घेऊन पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातलीस तर तू आरोपी होणार असंच धरून चालायचं. पैशासाठी गोळी झाडायची नाही, बॅग देऊन टाकायची. दादाला हे पचायला वेळ लागला, कारण मुळात लायसन बॅगेसाठीच काढलं होतं त्याने.

आता बॅगेचं. हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा होता. मार्केट यार्डात शनिवारी सुट्टी आणि रविवारी सगळ्यात जास्त आवक, आणि रविवारी बँक बंद. म्हणजे आठवड्यातली मोठी कॅश रविवारी दुपारी घरी जाणार आणि सोमवारी बँकेत, हे अख्ख्या बाजाराला माहीत, मग चोराला माहीत नसेल? तेव्हा पिस्तुलाच्या आधी तीन गोष्टी केल्या. गाळ्यात जमिनीत बोल्ट केलेली तिजोरी, रविवारची कॅश तिथेच. नेहमीचे जे व्यापारी आहेत त्यांच्याकडून पैसे खात्यावर घ्यायला सुरुवात, सगळे ऐकत नाहीत, पण निम्मे ऐकले. आणि जी रक्कम न्यावीच लागते ती स्कूटरवरून न नेता भावाबरोबर कारमधून, वेळ बदलून. शस्त्र घेण्याआधीच दादाच्या रस्त्यावरचा धोका यानेच खूप कमी झाला. डीलर ही गोष्ट सांगणार नाही, त्याचं ते कामही नाही.

शेवटी निर्भीक घेतलं. मामांचं वेब्ली मामांच्याच लायसनवर, कपाटातल्या लॉकरमध्ये राहिलं. आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा पुढेमागे दादाला ते घेता येईल, पण आठवण म्हणून, कमरेला लावायला नाही. लायसनची मुदतही त्याच दुरुस्तीत तीनाची पाच वर्षं झाली.

होल्स्टरवर कंजुषी करायची नाही, हे मी जवळजवळ भांडून करून घेतलं. बाजारात जे मऊ चामड्याचं मिळतं त्याचं तोंड शस्त्र काढल्यावर मिटतं, परत घालताना चामड्याची घडी ट्रिगरपाशी जाते, आणि गोळी सुटायला तेवढं पुरतं. कडक, ट्रिगर पूर्ण झाकणारं, वरून बटणाची पट्टी असलेलं बनवून घेतलं. निर्भीकचा घोडा, म्हणजे हॅमर, बाहेर आहे, तो शर्टाच्या अस्तरात अडकत होता, तर पट्टी त्याच्यावरून नेली. आर्म्स रूल्सप्रमाणेही हँडगन सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी, मिरवायला बंदी आहे. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी वरातीत नाचणाऱ्या चुलतभावांसमोर मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

बाथरूमचा नियम वेगळा करावा लागला. शस्त्र विसरायची किंवा पडायची भीती तिथेच. होल्स्टरमधून काढायचं नाही, पट्टा सैल केला तरी होल्स्टरसकट मांडीवर. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे राउंड काढून मोजायचे, रिव्हॉल्वर एका लॉकरमध्ये, राउंड दुसऱ्यात, चावी दादा आणि वहिनींकडेच. मॉलला, मल्टिप्लेक्सला, देवळात, कोर्टात जायचं असेल त्या दिवशी शस्त्र घरीच, कारण गेटवर मेटल डिटेक्टरसमोर लायसन दाखवत उभं राहणं आणि मग गाडीच्या डिकीत ठेवून आत जाणं, दोन्ही वाईट. डिकीत शस्त्र असताना गाडीच चोरीला गेली तर विचार करा. आणि निवडणुका. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, मामांना दोन्ही वेळेला पिस्तूल पोलीस स्टेशनला जमा करावं लागलं होतं. सूट मागता येते, मिळेलच असं नाही. म्हणजे जो माणूस फक्त शस्त्राच्या भरवशावर आपला दिवस लावेल त्याचे ते महिने उघडे पडणार, म्हणून तिजोरी आणि कारचा बंदोबस्त बारमाही हवा.

सध्याची स्थिती सांगतो. दादा रोज लावत नाही, रविवारी आणि सणाच्या आधीच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी लावतो. महिन्यातून एकदा क्लबच्या परवानगीने रेंज, बाकी घरी रिकाम्या रिव्हॉल्वरवर ट्रिगरचा सराव, तोही राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून आणि भिंतीकडे तोंड करून. धुळीमुळे सिलिंडरच्या फटीत माती बसते, दर रविवारी संध्याकाळी ब्रश आणि तेल. पावसाळ्याचं अजून जमलेलं नाही, रेनकोटखालून हात पोचतच नाही, आणि चामडं ओलं राहिलं की धातूला डाग धरतो. होल्स्टरवाल्याकडे पाणी न धरणारं दुसरं टाकलंय करायला. ते येईपर्यंत पावसातल्या रविवारी रिव्हॉल्वर घरी लॉकरमध्ये आणि दादा भावाच्या कारमध्ये, असं ठरलंय.